मॅग्नेट चार्ज करताना

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी ऑटो इलेक्ट्रिकच्या जुन्या दुकानांवर ‘येथे मॅग्नेट चार्ज करून मिळेल’ अशी पाटी दिसायची. परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड या पट्ट्यात एकेकाळी लुना, बजाजच्या स्कूटरी आणि कापसावर फवारणी करायचे इंजिनाचे पंप भरपूर होते. किक मारून पाय भरून आला तरी गाडी लागत नाही, दिवा काजव्यासारखा मिणमिणतो, प्लगला करंट येतो पण पिवळट येतो, अशी तक्रार घेऊन लोक यायचे. मेस्त्री इंजिनावरचं मॅग्नेटचं चाक उतरवायचा, आतल्या चुंबकाला पाना चिकटवून तो किती जोराने ओढतो ते हाताने जोखायचा आणि म्हणायचा, “मॅग्नेट उतरलंय.” मग ते चाक तांब्याच्या तारेच्या दोन जाड गुंडाळ्यांवर ठेवलं जायचं, क्षणभर वीज सोडली जायची, आणि काम संपायचं.

गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, चुंबक सुधारले, आणि या पाट्या पुसट होत गेल्या. पण शंभर वर्षांपूर्वीची मोटार पुन्हा रस्त्यावर आणायची असेल तर नेमकं हेच काम करावं लागतं. अशा गाडीच्या इंजिनातला चुंबक परदेशी पाठवण्याची गरज नाही. ज्या दुकानात लुनाचं मॅग्नेट चार्ज होत होतं तिथे तो जिवंत होऊ शकतो, असं माझं ठाम मत आहे. मात्र जुन्या पोलादाचा स्वभाव वेगळा असतो, आणि तो माहीत नसेल तर चार्ज केलेला चुंबक गाडीत बसेपर्यंत पुन्हा उतरतो.

पेट्रोल इंजिनाला सिलिंडरमध्ये ठिणगी लागते. आज ती बॅटरीच्या जोरावर पडते. जुन्या गाडीत ती मॅग्नेटो नावाचं छोटं जनित्र पाडायचं. घोड्याच्या नालासारखा वळवलेला पोलादी चुंबक, त्याच्या दोन टोकांमध्ये फिरणारं लोखंडी आर्मेचर, आणि आर्मेचरवर दोन वाईंडिंग: एक जाड तारेचं, थोड्या वेढ्यांचं, दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, हजारो वेढ्यांचं. आर्मेचर फिरलं की त्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र सतत उलटसुलट होतं. बदलतं चुंबकीय क्षेत्र तारेत वीज निर्माण करतं हे मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं होतं, त्याचाच हा उपयोग. जाड तारेतला प्रवाह सर्वांत जास्त असतो त्याच क्षणी पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, उघडतात. प्रवाह एकदम तुटतो, क्षेत्र कोसळतं, आणि बारीक तारेत काही हजार व्होल्टचा दाब उभा राहतो. तो प्लगच्या फटीतून उडी मारतो. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर हा तुटण्याचा क्षण स्वच्छ ठेवतो, नाहीतर ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच पडते.

या यंत्रात बाहेरून काहीही घालावं लागत नाही. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, फक्त हँडल मारायचं. जर्मनीत रॉबर्ट बॉश याने 1887 मध्ये एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी मॅग्नेटो बनवला, 1897 मध्ये तो एका तीनचाकी मोटारसायकलीवर बसला, आणि 1902 मध्ये त्याच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्यासोबतचा स्पार्क प्लग तयार केला. पुढच्या दहा-बारा वर्षांत बॉशचा मॅग्नेटो जगभर इतका पसरला की 1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनची पंचाईत झाली. त्यांच्या मोटारी, लष्करी ट्रक आणि विमानं ज्या मॅग्नेटोवर चालत ते बहुतेक शत्रूच्या देशातून येत होते. घाईघाईने देशी कारखाने उभे करावे लागले. लुकास कंपनीने त्याच वर्षी थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो बनवणारी कंपनी विकत घेतली, आणि पुढे ब्रिटिश मोटारसायकलींवर लुकासचं नाव सर्रास दिसू लागलं.

1920 च्या दशकातल्या मराठवाड्याचा विचार केला की मॅग्नेटोचं मोल जास्त कळतं. परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर इथून गेली. पण रेल्वेपासून आत गेलं की काळ्या मातीतले बैलगाडीचे रस्ते होते, आणि बहुतांश खेड्यांत वीज पोचायला स्वातंत्र्यानंतरची कित्येक वर्षं जावी लागली. जिथे वीज नाही तिथे बॅटरी कुठे चार्ज करणार? बॅटरीवर चालणारी गाडी जिंतूरच्या डोंगराकडे बंद पडली तर ती बैलजोडी लावूनच परत आणावी लागली असती. मॅग्नेटोची गाडी हँडल मारलं की निघायची. याच स्वयंपूर्णतेपायी छोट्या विमानांच्या पिस्टन इंजिनांना आजही दोन-दोन मॅग्नेटो असतात. विमानातली सगळी वीज गेली तरी इंजिन चालू राहिलं पाहिजे.

हैदराबाद संस्थानातली सर्वांत प्रसिद्ध मोटार म्हणजे निजामाची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट, बार्कर कंपनीने बांधलेल्या सिंहासनासारख्या आसनाची. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागवली. 1911 च्या ऑगस्टमध्ये ते वारले, आणि गाडी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात हैदराबादेत पोचली. ती फार थोडे मैल चालली. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात ती पाहायला मिळते. सिल्व्हर घोस्टच्या इंजिनाला सहा सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. एका रांगेला मॅग्नेटो ठिणगी द्यायचा, दुसऱ्या रांगेला बॅटरी आणि कॉईल. एक व्यवस्था फसली तर दुसरी हजर. राजाच्या गाडीला ही चैन परवडत होती.

सामान्य माणसाची गाडी होती फोर्डची मॉडेल टी. 1908 ते 1927 या काळात दीड कोटींहून जास्त गाड्या निघाल्या. ब्रिटन वगळून ब्रिटिश साम्राज्यात विकण्याचे हक्क फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होते, त्यामुळे भारतातल्या मॉडेल टी कॅनडाच्या वाटेने आल्या. चुंबकाच्या दृष्टीने पाहिलं तर जुन्या गाड्यांमध्ये सर्वांत मजेदार रचना हिचीच. मॅग्नेटो वेगळा बसवलेला नाही. तो इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्येच आहे. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे सोळा चुंबक फ्लायव्हीलवर स्क्रूने आवळलेले, आणि समोर सोळा कॉईलचं स्थिर कडं. दोघांमधली फट एक मिलिमीटरहून कमी. फ्लायव्हीलच्या एका फेरीत विजेची आठ आवर्तनं होतात. इंजिन मिनिटाला 400 फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला सुमारे 53, म्हणजे जवळपास आपल्या घरातल्या विजेइतकी. ही कमी दाबाची वीज लाकडी पेटीतल्या चार कॉईलींकडे जाते, त्या गुणगुणत ठिणग्यांची झड लावतात. पुढे विजेचे हेडलाइट आले तेही याच मॅग्नेटोवर. त्यामुळे गाडी हळू चालली की दिवे मंद आणि वेग वाढला की लख्ख. लुनाच्या दिव्याचं वागणं आठवत असेल त्याला हे नवं वाटणार नाही, कारण दोन्हींचं तत्त्व एकच. चुंबक फिरतो, कॉईल स्थिर असते, आणि विजेचा दाब चुंबकाच्या बळावर आणि फिरण्याच्या वेगावर ठरतो.

चुंबक कमजोर झाल्याची खूण या शेवटच्या गोष्टीत सापडते. हँडलने इंजिन फिरवताना वेग फार कमी असतो. वेग कमी, त्यात चुंबकही कमी, मग ठिणगीपुरता दाब तयार होत नाही. तीच गाडी ढकलून किंवा ओढून सुरू केली तर चालते, कारण तेव्हा वेग भरपूर मिळतो. ढकलल्यावर सुरू होणारी आणि हँडलने न लागणारी गाडी दिसली की जाणता मेस्त्री चुंबकाकडे बोट दाखवतो. वेगाची ही उणीव भरून काढायला ट्रॅक्टर आणि शेतीच्या इंजिनांच्या मॅग्नेटोला स्प्रिंगची एक कपलिंग असायची. हळू फिरवताना ती आर्मेचर अडवून धरते आणि मग खटकन सोडते. तो खटका ऐकला की ठिणगीला हवा तो वेग क्षणभर मिळाला असं समजावं.

आता चुंबक उतरतो म्हणजे काय? ‘चार्ज’ या शब्दाने गैरसमज होतो. बॅटरीत जशी रासायनिक क्रिया उलटी फिरवून ऊर्जा साठवतात, तसं इथे काही साठत नाही. चुंबकातून काही वाहून गेलेलं नसतं आणि चार्ज करताना त्यात काही भरलंही जात नाही. पोलादाचा कण न् कण आधीपासूनच चुंबकीय असतो. त्यात सूक्ष्म प्रदेश असतात, आणि एका प्रदेशातले सगळे अणू एकाच दिशेला तोंड करून असतात. ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर वाइस याने 1907 मध्ये मांडली. साध्या लोखंडात हे प्रदेश वाटेल त्या दिशेला असतात, एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात, म्हणून बाहेर काही जाणवत नाही. गंगाखेडच्या बाजाराच्या दिवशी माणसं हजारो असतात, पण प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. तीच माणसं आषाढात दिंडीला लागली की सगळ्यांची दिशा एक होते. बाहेरून जोरदार चुंबकीय क्षेत्र दिलं की पोलादातले प्रदेश असेच एका दिशेला वळतात. चांगल्या चुंबकी पोलादात ते क्षेत्र काढून घेतल्यावरही बहुतेक तसेच राहतात. चार्ज करणं म्हणजे एवढंच.

ते का टिकतात, हा खरा प्रश्न. मऊ लोखंडात प्रदेशांच्या सीमा सहज सरकतात, म्हणून ते पटकन चुंबक होतं आणि पटकन विसरतं. ट्रान्सफॉर्मरला हेच हवं असतं. पाणी दिलेल्या कडक पोलादात कार्बन, टंगस्टन, क्रोमियम यांचे सूक्ष्म कण आणि आतले ताण त्या सीमांना अडकवून ठेवतात. चुंबकत्व पुसून टाकायला जे उलटं क्षेत्र लागतं त्यावरून चुंबकाची जिद्द मोजतात, आणि जुन्या पुस्तकांत ते ओर्स्टेडमध्ये दिलेलं असतं. मॉडेल टीच्या काळातलं टंगस्टन पोलाद सुमारे 70 ओर्स्टेडला हार मानतं. 1917 मध्ये जपानमध्ये कोतारो होंडा याने कोबाल्ट घातलेलं पोलाद काढलं, ते त्याच्या तिपटीहून जास्त टिकाऊ निघालं. 1931 मध्ये तोकुशिची मिशिमा याने लोखंड, निकेल आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू शोधला, त्यातून पुढे अल्निको आला, आणि त्याच्या चांगल्या प्रकारात हा आकडा सहाशेच्या वर गेला. स्पीकरमागे दिसणारे काळे फेराइट चुंबक दोन हजारांच्या वर, आणि 1980 च्या दशकात आलेले निओडिमियमचे चुंबक दहा हजारांच्याही पुढे. म्हणजे 1920 च्या गाडीतला चुंबक आजच्या हिशेबाने फार दुबळ्या जिद्दीचा आहे. धक्के, इंजिनाची थरथर, शेजारून गेलेला जोरदार प्रवाह, चुकीची जोडणी, आणि सर्वांत जास्त म्हणजे दोन टोकं लोखंडाने न जोडता उघडा ठेवल्याने त्याचे प्रदेश हळूहळू पुन्हा विस्कळीत होतात.

परभणीच्या उन्हाळ्याला मात्र यात दोष देऊ नये. पारा 45 अंशांवर गेला की उन्हाने चुंबक मेला अशी समजूत ऐकू येते. लोखंडाचं चुंबकत्व पूर्ण नाहीसं व्हायला 770 अंश सेल्सिअस लागतात. या मर्यादेला पिएर क्युरी याचं नाव आहे. कडक पोलादाच्या चुंबकाला त्याच्या खूप आधीपासून झळ बसते हे खरं, पण 45 अंश त्याच्या खिजगणतीत नाहीत. गॅरेजमध्ये फ्लायव्हील किंवा चुंबक गॅसच्या ज्योतीने तापवला, त्याला वेल्डिंग केलं, तर मात्र पोलादाचं पाणी उतरतं, आणि असा चुंबक कितीही चार्ज केला तरी चुंबकत्व धरत नाही. जुन्या गाडीचा चुंबक आगीपासून दूर ठेवा, उन्हाची काळजी करू नका.

दिशा धरून ठेवणारं फक्त पोलादच असतं असं नाही. दुधना किंवा पूर्णा नदीच्या वाळूतून चुंबक फिरवला तर त्याला काळे बारीक कण चिकटतात. मुलं हा खेळ खेळतात. ते कण मॅग्नेटाइटचे, म्हणजे आपल्या पायाखालच्या काळ्या दगडातून झिजून आलेले. दख्खनचा हा बेसॉल्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून ओतला गेला. थंड होताना मॅग्नेटाइटच्या सूक्ष्म कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडली, आणि ती अजून सोडलेली नाही. 1950 च्या दशकात लंडनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट यांच्या प्रेरणेने चाललेल्या कामात आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांच्या कामात हे दगड मोजले गेले. त्यांच्यातली दिशा सांगत होती की लाव्हा ओतला गेला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. भूखंड सरकतात याचा हा एक भक्कम पुरावा ठरला. त्या दगडांपैकी पुष्कळांत उत्तर-दक्षिण आजच्या उलट आहे, कारण तेव्हा पृथ्वीचंच क्षेत्र उलटं होतं. मराठवाड्याचा दगड कोट्यवधी वर्षं दिशा धरून ठेवतो आणि फोर्डचं पोलाद काही दशकांत ती हरवतं, याचं कारण कणांच्या आकारात आहे. अतिसूक्ष्म कणात प्रदेशाची सीमा तयार होण्याइतकी जागाच नसते, त्यामुळे सरकायला काही उरत नाही. अल्निको आणि फेराइट यांच्या यशामागेही हेच आहे.

आता कामाकडे. चार्ज करण्याआधी दोष चुंबकाचाच आहे याची खात्री करावी, कारण पुष्कळदा तो नसतो. जुन्या मॅग्नेटोत सर्वांत आधी कंडेन्सर जातो, आणि आर्मेचरच्या आत दडवलेला कंडेन्सर बदलणं कष्टाचं काम असतं. वाईंडिंगवरचं लाखेचं आवरण गरम झालं की मऊ होऊन वाहतं आणि आर्मेचर चिकटतं. गार असताना ठिणगी चांगली आणि गरम झाल्यावर नाहीशी, असं होत असेल तर वाईंडिंग किंवा कंडेन्सर पाहावा. चुंबक गार-गरम बघून वागत नाही. पॉइंट घासून, फट नीट लावून, प्लग बदलून पाहावा. हे सगळं ठीक असूनही ठिणगी पिवळी आणि कोती असेल, तेव्हा चुंबकाची पाळी. मॉडेल टीचा एकेक चुंबक सुटा करून तोलायचा असेल तर चांगल्या चुंबकाने साधारण दोन पौंड वजन उचलावं, असा जुना दंडक आहे.

यानंतरचा भाग लुनाच्या मेस्त्रीलाही नवा असू शकतो. जुन्या नालाकार चुंबकातून आर्मेचर बाहेर काढलं की चुंबकीय रेषांची लोखंडातली वाट तुटते. त्या हवेतून जायला बघतात, आणि चुंबकाच्या स्वतःच्याच टोकांचं क्षेत्र त्याच्यावर उलटं काम करू लागतं. टंगस्टन पोलादाला हे सोसत नाही. काही क्षणांत त्याचं बळ घटतं, आणि आर्मेचर परत बसवल्यावरही ते भरून येत नाही. म्हणून कीपर वापरतात. कीपर म्हणजे मऊ लोखंडाची जाड पट्टी. आर्मेचर बाहेर सरकवण्याआधी ती चुंबकाच्या दोन टोकांवर आडवी ठेवायची, आणि आर्मेचर परत जागेवर बसेपर्यंत हलवायची नाही. चार्ज झालेला चुंबक चार्जरवरून उचलताना तर ही काळजी जास्त घ्यावी लागते. आधी कीपर लावायचा, मग चुंबक सरकवून उतरवायचा. खटकन वर उचलायचा नाही. याहून चांगला उपाय म्हणजे शक्य असेल तिथे मॅग्नेटो पूर्ण जोडून, आर्मेचर आत असतानाच चार्ज करणं. त्यात चुकायला वावच राहत नाही.

दुसरी अट ध्रुवांची. चुंबकाचं कोणतं टोक उत्तर आणि कोणतं दक्षिण हे आधी होकायंत्राने पाहून खडूने खूण करावी. होकायंत्राच्या सुईचं उत्तरेकडे पाहणारं टोक चुंबकाच्या दक्षिण ध्रुवाकडे ओढलं जातं. चार्जरवर ठेवताना चुंबकाचा उत्तर ध्रुव चार्जरच्या दक्षिण ध्रुवावर यायला हवा. जोडणी उलटी झाली तर आधीची दिशा पुसली जाते आणि नवी उलटी दिशा उमटते. एकच नालाकार चुंबक असलेल्या मॅग्नेटोला याने फारसं बिघडत नाही, तो चालतो. पण काही मॅग्नेटोंवर दोन-तीन नाल एकावर एक बसवलेले असतात. त्यातला एक उलटा झाला तर तो बाकीच्यांशी भांडतो. मॉडेल टीच्या सोळांमध्ये एखादा उलटा बसला तर सगळ्या कड्याचंच गणित बिघडतं.

चार्जर किती मोठा हवा? हिशेब सोपा आहे. चुंबक पूर्ण भरायचा असेल तर तो पुसायला लागणाऱ्या क्षेत्राच्या पाचपट-सहापट क्षेत्र द्यावं. 70 ओर्स्टेडच्या पोलादासाठी 400 धरू. एक ओर्स्टेड म्हणजे एका मीटरला सुमारे 80 अँपिअर-वेढे, म्हणून 400 ओर्स्टेडला 32,000. नालाकार चुंबक उलगडला तर साधारण 30 सेंटिमीटर भरेल, त्यामुळे लागतात सुमारे 9,600 अँपिअर-वेढे. दोन मऊ लोखंडी खांबांवर मिळून 500 वेढे दिले तर 20 अँपिअर पुरतात. चोवीस व्होल्टवर, म्हणजे दोन ट्रकच्या बॅटऱ्या जोडून, हे सहज होतं. लुनाच्या काळातले अल्निको आणि फेराइट भरायला याच्या कितीतरी पट क्षेत्र लागतं, आणि तालुक्याच्या गावातली मशीन तेवढं देत होती. म्हणून जुन्या गाडीचं पोलाद त्या मशीनला अवघड नाही. चार्ज व्हायला वेळही लागत नाही. पोलादातले प्रदेश सेकंदाच्या अंशात वळतात, वीज चालू ठेवल्याने जास्त भरत नाहीत, फक्त तारा तापतात. एकेका सेकंदाचे चार-पाच झटके द्यावेत. काही जुने मेस्त्री झटका देताना चुंबकावर लाकडी हातोडीने हलके टोले मारतात, त्याने अडकलेल्या सीमा सुटायला मदत होते. एक मात्र जपावं. एवढ्या मोठ्या कॉईलचा प्रवाह तोडला की तिच्याच टोकांना शेकडो व्होल्टचा झटका उठतो, म्हणून जाड पात्याचा स्विच वापरावा, उघडी वायर हाताने ओढून काढू नये. घड्याळ, मोबाईल, बँकेची कार्डं दूर ठेवावीत, आणि पेसमेकर बसवलेल्या माणसाने तिथे थांबूच नये.

मॉडेल टीच्या बाबतीत इंजिन न उघडता चार्ज करण्याची एक पद्धत आहे. फ्लायव्हील अशा जागी आणायचं की चुंबकांची टोकं कॉईलच्या लोखंडी गाभ्यांसमोर येतील. मॅग्नेटोचा जो खिळा वर आलेला असतो त्याच्याजवळ होकायंत्र धरलं की सुई ही जागा आणि तिची दिशा सांगते. मग तीन-चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडून त्या खिळ्याला क्षणभर प्रवाह द्यायचा. म्हणजे ज्या कॉईल रोज वीज बनवत होत्या त्यांनाच उलटं कामाला लावायचं. दिशा चुकली तर चुंबक सुधारण्याऐवजी मरतात, म्हणून सुई एकदा नाही, दोनदा पाहावी. ही युक्ती सुंदर आहे, पण तीत कॉईल आणि चुंबक यांच्यातली फट आड येते आणि पोलाद पूर्ण भरत नाही. इंजिन कधीतरी उतरणारच असेल तर तेव्हा चुंबक सुटे करून एकेक भरावा.

जुन्या पोलादाऐवजी निओडिमियमचे चुंबक बसवण्याचा सोपा मार्ग दिसतो, पण मला तो मान्य नाही. केंद्र सरकारने 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली, मूळ रूपात राहिलेली आणि मोठे बदल न केलेली दुचाकी-चारचाकी वाहनं त्यात येतात, आणि त्यांच्या नंबरमध्ये ‘व्हीए’ ही अक्षरं असतात. नियमाने फक्त बाहेरचं रूप सांभाळलं असं मानून आत काहीही बदलण्याची मुभा शोधणं बरोबर नाही. मॅग्नेटो हा त्या गाडीचा प्राण आहे. ज्या पोलादाने शंभर वर्षांपूर्वी ठिणगी दिली ते पोलाद आजही देऊ शकतं, फक्त त्यातली दिशा परत लावावी लागते. मूळ भाग दुरुस्त होत असताना नवा भाग बसवणं म्हणजे जीर्णोद्धाराचं अर्धं काम सोडून देणं.

चार्ज करून, आर्मेचर बसवून, कीपर काढून मॅग्नेटो टेबलावर घ्यावा आणि हाताने सावकाश फिरवावा. तारेचं टोक लोखंडी बॉडीपासून साधारण 5 मिलिमीटरवर धरलं आणि निळी, कडक ठिणगी तडकन उडी मारत असेल तर चुंबक भरला. नंतर मॅग्नेटो इंजिनावर बसवून टायमिंग लावावं. मॉडेल टीसारख्या गाडीत हँडल मारण्याआधी ठिणगी उशिरा पडेल असा स्पार्कचा दांडा लावलाच पाहिजे, नाहीतर ठिणगी लवकर पडते, हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. चुंबक कमजोर असताना ही सवय सुटलेली असते, कारण ठिणगीच पडत नव्हती. इंजिन चालू राहिल्यावर पहिल्या काही तासांत चुंबक थोडंसं बळ सोडतो आणि मग स्थिरावतो, त्याने घाबरून पुन्हा चार्ज करायला धावू नये. दोन-तीन महिन्यांत तो पुन्हा पूर्वीसारखाच दुबळा झाला तर पोलादाला चीर गेली आहे का किंवा ते कधी तापवलं गेलं होतं का हे पाहावं, आणि तसं असेल तर दुसऱ्या जुन्या मॅग्नेटोतला त्याच मापाचा चुंबक शोधावा.